भाकरीच्या फडक्यावरची दोन नावं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. परीक्षा संपवून मी व्हिजिट व्हिसावर बहरीनला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. काका म्हणजे माझ्या आईबरोबर राहणारे गृहस्थ. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. लिहिताना अजूनही हात जरा थांबतो.

काका एसी दुरुस्त करतात. त्यांना कॅनडात नोकरी मिळाली होती आणि आईला बरोबर न्यायचं होतं. पण कागदावर आईचं लग्न अजून माझ्या वडिलांशीच होतं. ते आम्हाला सोडून गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. सोडचिठ्ठीवर सही मात्र आजतागायत करत नाहीत. कॅनडाच्या फॉर्ममध्ये अशा जोडप्यांसाठी वेगळा रकाना होता. लग्न झालेलं नाही, पण संसार एकत्र आहे. निदान वर्षभर एका घरात राहिल्याचे पुरावे मात्र द्यायचे. ते पटले नाहीत, तर काका एकटे जाणार आणि आई मागे राहणार.

दोघं एकत्र राहून नऊ वर्षं झाली होती आणि पुरावा एकही नव्हता. असणार कसा? नऊ वर्षं दोघांनी तो होऊच दिला नव्हता. आई नईम भागात लेडीज टेलरच्या दुकानात शिवते. तिच्या आयडी कार्डावर दुकानाने दिलेल्या खोलीचा पत्ता. हमद टाउनचा फ्लॅट आणि विजेचं बिल काकांच्या नावावर. लग्नाशिवाय एकत्र राहतात हे कुणी वर कळवलं तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास, ही भीती कायमची. फोटो काढायचा म्हटलं की आई म्हणायची, "तुम्ही उभे राहा, मी काढते."

व्हिसाचे कागद तयार करून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने आमची फाइल चाळली.

"रेंट ॲग्रीमेंट में मॅडम का नाम?"

"नहीं," मी म्हणाले.

"साथ में फोटो?"

मी मोबाइल पुढे केला. त्याने बरेच फोटो सरकवले आणि हसला. "बेटी, इसमें तो अंकल अकेले घूम रहे हैं. पुरानी तारीख का ॲग्रीमेंट बना देता हूँ. सब करते हैं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. पण आई उठली. "भैया, हम सच में साथ रहते हैं. सच के वास्ते झूठा कागज नहीं मंगता." फाइल काखेत मारून ती बाहेर पडलीसुद्धा.

शुक्रवारी काकांच्या गावचा, इथेच बहरीनला नोकरी करणारा ड्रायव्हर जेवायला आला. गुहागरकडचा. दर सुट्टीहून परतताना तो काकांच्या आईने दिलेलं खोकं घेऊन येतो. आईने टोपलीतली भाकरी पुढे केली, तसा तो तिच्यावरचं फडकं बघून म्हणाला, "वैनी, ह्या फडक्यानं माझा खांदा मोडला होता. म्हातारीला सांगा, पुढच्या टायमाला कुळथाऐवजी कापूस पाठव."

मी फडकं उलटून पाहिलं. कुळथाचं पीठ, आमसुलं, तिकडून येणारं सगळं म्हातारी खोक्यात भरते, खोक्यावर मांजरपाट शिवून घेते आणि वर मार्करने नाव लिहवून घेते. आई ती शिवण उसवते, कापड धुते आणि भाकरी गुंडाळायला वापरते. काकांच्या डब्यालाही तेच. फक्त अक्षरं आतल्या बाजूला. मी दर सुट्टीत ही फडकी बघत होते, वाचली कधीच नव्हती.

सात फडकी निघाली. जुन्या दोनांवर काकांचं एकट्याचं नाव. पुढच्या पाचांवर त्याखाली 'व सौ.' आणि आईचं नाव, मग हमद टाउन, बहरीन, तारीख, साल. खोकं किती दिवसांत पोचतं ते मोजायची म्हातारीला हौस. हाच पुरावा, असं म्हणत मी ड्रायव्हरला फॉर्मचं सगळं सांगितलं.

"माझ्या पासपोर्टवर प्रत्येक सुट्टीचे शिक्के आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "खोकं कुठं दिलं नि दार कुणी उघडलं, लिहून देतो."

"तुमच्या नोकरीला काही झालं तर?" आई म्हणाली.

"ती माझी मी बघीन. नऊ वर्षं जिन्यात वैनी नि रस्त्यात मॅडम! जीभ दुखली माझी."

फडकी घेऊन आम्ही पुन्हा टायपिंग सेंटरला गेलो. 'सौ.' म्हणजे काय ते मी सांगितल्यावर सेंटरवाल्याने पेन खाली ठेवलं. "मतलब मिसेस. और फॉर्म में लिखा है शादी नहीं हुई. गड़बड़ होगी. उतना मोड़ के फोटो लेते हैं."

मला ते पटलं. मी कापडाची कड दुमडायला घेतली.

"दुमडू नको," आई म्हणाली.

"आई, त्या एका शब्दापायी नाही म्हणतील."

"म्हणू देत. माझ्या लग्नाच्या नवऱ्याने मला कधी धड नावाने हाक मारली नाही. आणि ज्या बाईने मला बघितलंसुद्धा नाही, तिने हे लिहवून घेतलं. तिचा शब्द झाकून मला कुठे जायचं नाही."

काकांनी माझ्या बोटांखालची कड सोडवली आणि तळहाताने सारखी केली.

मग खुलाशाचं पत्र मीच लिहिलं. माझं इंग्रजी कॉलेजच्या पेपरपुरतं आहे, तरी लिहिलं. यांचं लग्न झालेलं नाही. हा शब्द आमच्याकडे लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी लावतात. तो काकांच्या आईने आपण होऊन लावला आणि आम्ही तो लपवत नाही. खाली दोघांनी सह्या केल्या. शेवटचा फोटो मी काढला: सोफ्यावर काका, शेजारी आई, दोघांच्या मांडीवर पसरलेलं फडकं.

उत्तर अजून आलेलं नाही. मी निघाले त्या सकाळी आई काकांचा डबा भरत होती. भाकरी ठेवून तिने फडक्याची गाठ मारली. या वेळी अक्षरं बाहेरच्या बाजूला होती.

"काका, कामावर दिसेल ना हे," मी म्हणाले.

"दिसू दे की," काका म्हणाले आणि डबा उचलून जिना उतरले.