कडुलिंब पाडणारे हात

इतकी वर्षे लोटली, पण तो पडलेला कडुलिंब अजून डोळ्यांसमोर आहे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. मी अहमदपूर तालुक्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. नव्या कचेऱ्यांत भरती सुरू असल्याने चारित्र्य पडताळणीचे कागद रोज येत. त्यांत एक कागद दहावी झालेल्या लाकूडतोड्याचा होता. शिपाई म्हणून त्याची निवड झाली होती. माझा शेरा तेवढा बाकी होता.

त्याच आठवड्यात त्याच्या गावचा किराणा दुकानदार खबर घेऊन आला. बाजाराच्या दिवशी, गाव ओस असताना, या लाकूडतोड्याने रस्त्याकडेचा सरकारी कडुलिंब तोडला म्हणे. झडतीत अंगणात त्याची कुऱ्हाड सापडली, पात्याला ओला चीक. मी त्याला कोठडीत टाकले आणि प्रतिकूल शेरा लिहायला घेतला. घाई केली, हे कबूल करतो.

पण एक गोष्ट खटकत होती. तोडलेला कडुलिंब तिथेच पडून होता. सरपणाला लोक मैल मैल हिंडत असताना चोर अख्खे झाड टाकून जाईल? मी त्याला जागेवर नेले. बुंधा पाहून तो गडी चक्क हसला.

"साहेब, ह्ये माझं काम न्हाई. पाडायचं त्या अंगाला आदी खाच घ्यावी लागती. ह्यानं चारी अंगानं कुरतडलंय. लई घाव फुकट गेलेत. हात सोलले असतील त्याचे."

जबाब पुन्हा घ्यायचा म्हणून दुकानदाराला ठाण्यात बोलावले. त्याला तंबाखूची तलफ भारी. हवालदाराने चंची पुढे केली, तर म्हणाला, "तुमीच मळून द्या की."

आमच्याकडे माणूस स्वतःची तंबाखू स्वतःच मळतो. मी उठलो, त्याच्या तळव्यावर तंबाखू ठेवली, वर चुना घातला आणि म्हणालो, "मळा."

अंगठा फिरवताच तो कळवळला. दोन्ही तळव्यांवर फुटलेले फोड होते, त्यात चुना गेला होता.

"हाव साहेब, मीच तोडलं," तो खाली बसत म्हणाला. "शिपायाच्या निवड यादीत त्याच्या खाली माझंच नाव हाय."

कुऱ्हाडही लाकूडतोड्याचीच पळवून वापरली होती आणि गुपचूप परत ठेवली होती. असा आनंद मला पुढे खुनाचे गुन्हे उघडकीस आणूनही झाला नाही. सुटताना लाकूडतोड्याने एकच मागणी केली, "त्याला तेवढी कुऱ्हाडीला धार लावून द्याया सांगा. पार बोथट केली."

दुकानदाराने ठाण्याच्या आवारात बसून, त्याच हातांनी, धार लावून दिली.

खबर कितीही पक्की वाटली तरी खबर देणाऱ्याला आधी नीट पाहावे, हे मी त्या दिवशी शिकलो. जुना शेरा फाडला आणि नवा स्वतःच्या अक्षरात लिहिला: 'वर्तणूक उत्तम. नेमणुकीस हरकत नाही.' तो कागद टपालात न टाकता मीच लातूरला नेऊन दिला.