उन्हात तापलेला गोळा

पनवेलच्या आमच्या व्यायामशाळेला पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात दुपारी तिथे कोणी फिरकत नाही. वर्तमानपत्रातली माझी ड्यूटी संध्याकाळची असल्याने खांद्याचे व्यायाम मी दुपारी करायचो. सोबतीला एकच मुलगी असायची. उरणच्या बाजूच्या एका गावातली, पोलीस भरतीची तयारी करणारी. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती होती.

मागच्या वेळी धावण्यात ती पुढे होती. गोळाफेकीचा नंबर लागेपर्यंत मात्र मैदानात उन्हात बसून राहावं लागलं. अंगातलं बळ तिथेच गेलं, गोळा रेषेच्या अलीकडे पडला. तिचा सगळा सराव पहाटेच्या गारव्यातला होता.

"पापड वाळत घालायला आलीस का?" व्यायामशाळेच्या सरांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"लोणचं हाय मी, सर. उन्हात मुरायला आलंय."

तिने पहाटेइतकंच वजन खांद्यावर घेतलं. सुरुवातीच्या बैठका नीट झाल्या, मग गुडघे थरथरले आणि बार धाडकन आडव्या दांड्यांवर आदळला. सरांनी वजन उतरवलं. उकाड्यात रक्त कातडी गार करायला धावतं, स्नायूंना कमी पडतं, असं त्यांनी सांगितलं. एखादी उचल जमते, पुढच्या जमत नाहीत. जड वजन पहाटे, दुपारी हलकं. मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवायचं, चक्कर आली की थांबायचं.

"हलका उचलून कुनी पोलीस झालाय?" ती पुटपुटली, पण सरांचं ऐकलं. काही आठवड्यांत तिला घाम लवकर फुटू लागला, धाप कमी झाली, आणि सरांनी हळूहळू वाढवत नेल्यावर पहिल्या दिवशीचं तेच वजन शेवटच्या बैठकीपर्यंत टिकू लागलं.

गोळ्याचं मात्र तिने स्वतःच ठरवलं होतं. तो उन्हात तापतो म्हणून इथली मुलं तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. ती तो बाहेर ओट्यावर, भर उन्हात ठेवायची आणि तसाच तापलेला उचलायची. मी कारण विचारलं.

"मैदानात बादली कोन ठेवनार, काका?"

भरतीच्या दिवशी मी बातमीसाठी मैदानावर होतो. तिचा नंबर दुपार चढल्यावर लागला. तोवर ती डोक्यावर ओली ओढणी घेऊन, घोट घोट पाणी पीत बसली होती. तिच्या आधीच्या मुलीने गोळा उचलला, या हातातून त्या हातात घेतला, तळव्यांवर फुंकर मारली आणि घाईने फेकून दिला. तो जवळच पडला.

हिने गोळा उचलून जबड्याखाली मानेला टेकवला. तिथेच धरून ठेवला. पाय रोवले, श्वास सोडला आणि फेकला. पूर्ण गुणांच्या रेषेपलीकडे माती उडाली. माझ्या शेजारचा छायाचित्रकार कॅमेरा खाली करून नुसता बघत राहिला.

फाटकाबाहेर तिचे वडील उभे होते. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारे, त्या दिवशी खाडा करून आलेले.

"बाय, गेला का लांब?"

"गेला. आदी पानी दे."

तिच्या मानेवर गोळा टेकला होता तिथे लाल डाग होता. बाटली संपेपर्यंत वडील त्यावर गमछ्याने वारा घालत राहिले.