विषाणू, कॅल्शियम आणि टेकडीखालचा बाक

आजारपणात औषधांपेक्षा किस्से जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी. व्हायरल तापानंतर माझ्या हृदयाला सूज आली, पम्पिंग कमी झालं आणि देवासची टेकडी चढणं तीन महिने बंद. गंमत अशी, की विषाणू शिरल्यावर हृदयाच्या पेशीतल्या कॅल्शियमचं काय होतं, याच विषयात मी उभा जन्म घालवला. फार समजलं, असं नाही.

*

टेकडीखालच्या बाकावर मित्रांनी विचारलं, "नेमकं झालंय काय?"

मी सांगितलं, "पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. तो सुटला की हृदय आवळतं, परत भरला की सैल होतं. विषाणू त्या साठ्यालाच भोकं पाडतो."

नाना कारखान्यात फिटर होते. म्हणाले, "अरे भिया, मग सरळ सांगा ना, टाकी लीक आहे. पॅकिंग बदला, चढा टेकडी."

हे चुकीचं का आहे, ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

*

बाकावरच्याच वत्सलाताईंनी हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या. "विषाणूला आयतं खायला कशाला घालायचं?"

मी घाबरून त्यांच्या घरी गेलो. समजावलं, की गोळीचा नि त्या साठ्याचा असा थेट संबंध नाही. डॉक्टरांनी दिल्यात, तर घ्या.

"खात्री आहे?"

"बहुतेक."

त्यांनी माझ्यासमोरच औषधवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बिंदास लो, आंटी." गोळ्या सुरू झाल्या.

*

माझा डॉक्टर निघाला धारचा, माझाच विद्यार्थी. पाया पडून म्हणाला, "सर, तोंडी परीक्षेत तुम्ही मला हाच प्रश्न विचारला होता. विषाणू आणि कॅल्शियम."

"उत्तर दिलं होतंस?"

"नाही, सर. तुम्ही म्हणालात, हे अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. आणि पास केलंत."

त्या दिवशी माझं बीपी वाढलं.

*

तीन महिन्यांनी हृदयाची पुन्हा तपासणी, इको. टेकडी की खुर्ची, ते आज ठरणार होतं. टेक्निशियन बाई छातीवर यंत्र फिरवत होत्या. मी डोळे घट्ट मिटून घेतले. माझी बायको सुमन पडद्यासमोर उभी होती.

"अंकलजी, पम्पिंग नॉर्मल है."

मी डोळे उघडले. सुमन अजून पडद्याकडेच बघत होती. तिथे माझं हृदय आवळत होतं, सैल होत होतं.

"अहो, हे एवढंच?" ती म्हणाली. "मग चाळीस वर्षं मला इतकं अवघड करून का सांगत होतात?"