राखणीचं भात

गेल्या आठवड्यात लेव्हीच्या कामाला नाणे मावळातल्या एका गावी गेलो होतो. लढाईमुळं धान्याची टंचाई, म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानं जमिनीच्या मानानं ठराविक भात सरकारला घालायचं... आणि ते मोजून घ्यायला वडगावच्या कचेरीतला मी नवखा कारकून.

तसा मी बी.ए. आहे. पुण्याच्या कॉलेजात राज्यसंस्थेचा उगम आणि कर्तव्यं यावर पानंच्या पानं खरडून बरे मार्क मिळवलेत. त्यामुळं सरकार म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

सखूमावशींच्या खळ्यावर पोचलो तर भाताची रास अगदीच लहान. विधवा बाई, पदरात दोन पोरी, आणि रानडुकरांनी निम्मं शेत तुडवलेलं. माझ्या कागदावर मात्र पुऱ्या शेताचा आकडा होता. तेवढं भात घातलं असतं तर त्यांच्या घरात शिमग्यापर्यंतसुद्धा दाणा उरला नसता.

एवढ्यात डोंगरावरच्या ठाकरवाडीतले गणूआबा डोक्यावर पोतं घेऊन आले आणि सरळ मावशींच्या राशीत ओतून मोकळे झाले. मला काही कळेना. मग पाटलांनी सांगितलं... गावाची पिकं आबा राखतात, त्याबद्दल प्रत्येक खळ्यावर त्यांना सूपभर भात मिळतं. पण त्यांच्या राखणीत कुणाचं पीक गेलं, तर आबांनी आपल्यातून भरून द्यायचं. जुनी रीत आहे. यंदा आबा तापानं अंथरुणाला खिळले आणि नेमकी तेव्हाच डुकरं शिरली.

मला कुठला दम निघतोय? कायदा शिकवायची हौस दांडगी. म्हटलं, "आबा, तुम्ही तापानं आजारी होतात म्हणे. भरून द्यायला तुम्ही कायद्यानं बांधलेले नाही."

आबा पोतं झटकत म्हणाले, "कायदा आमाला ठावं न्हाई, सायेब. पर राखलं न्हाई, तर मागायचं कोंच्या तोंडानं?"

माझा मापाडी तोवर त्याच राशीपाशी माप घेऊन बसला होता, माझ्या हुकमाची वाट बघत... खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांनी भरलेलं तेच भात मी उचलून न्यायला आलो होतो.

मापाड्याला थांबवलं. तुडवलेल्या शेताचा पंचनामा केला, पाटलांची सही घेतली आणि सूट मिळावी म्हणून रिपोर्ट लिहिला. कचेरीत साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं. माप घ्यायला पाठवलं होतं की दया करायला, वगैरे. पण शेवटी सूट दिली... निम्मी.

काल पुन्हा गेलो. उरलेलं निम्मं मोजून घ्यावंच लागलं, आणि ते घेताना मावशींकडं बघवेना. त्याच म्हणाल्या, "निम्मं तरी राखलंत, लय झालं. बसा, च्या टाकते."

नोकरीला लागून आठ महिने झाले. या महिन्याचा पगार घ्यायला मात्र हरकत नाही, असं पहिल्यांदाच वाटतंय...

निम्मा तरी.