गुंतवळाची वाटी

शिकेकाईचा वास आला की मी बसल्या जागेवरून अर्धापूरला, माहेरच्या ओट्यावर जाऊन पोचते. लेक तेव्हा चार महिन्यांची होती. केळीच्या बागेकडून ओलसर वारं यायचं, माय माझं डोकं धुवायची, अन् पाण्यासंगं मूठमूठ केस वाहत जायचे. शेकानं कंबर सावरली होती, बांधून बांधून पोटही आत गेलं होतं, पण वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली. "माय, मी टकली होऊन सासरी जाऊ का गं?" मी रडतच इचारलं. "येडी का काय! लेकरू आईला ओळखायला लागलं की तिचे केस गळतेत. येतेत पुन्हा." मला काही पटलं न्हाई. तेवढ्यात केसांवर भांडी देणारी बाई आली. मायनं कोनाड्यात साठवलेलं माझ्या गळल्या केसांचं गुंतवळ तिला दिलं, तर तिनं इवलीशी वाटी काढली. "एवढ्या केसांची एवढीच वाटी?" मी म्हणलं. "मग काय परात देऊ, बाळंतीणबाई?" म्हणत तिनं लेकीला उचललं. लेकीनं भोकाड पसरलं, अन् माझ्याकडं आली तशी गप होऊन माझ्या तोंडाकडं बघून हसली. पुढं दोन महिन्यांत माझ्या कपाळाच्या कडंनं केसांची कोवळी लव उगवली, अन् लेक त्याच वाटीतून वरणाचं पाणी प्यायला लागली. काल लातूरला तीच लेक, आता स्वतः बाळंतीण, फणी हातात धरून रडत बसली होती. मी तिचं लेकरू उचललं, तसं ते रडत तिच्याकडंच झेपावलं. "बघ," म्हणलं, "अन् ते गुंतवळ टाकू नको. ह्यालाबी वाटी लागंल."