गडग्यातली वाट

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर हैबतीची वाडी. माणसं एकेक करून मुंबईला गेली आणि वाडीत हैबतीचीच तेवढी चूल पेटती राहिली. बायको वारलेली, मुलगी आवडी घाटकोपरला. गोठ्यात दोन म्हशी होत्या, त्यांच्याशी तो बोलायचा. पण म्हैस उलट बोलत नाही.

म्हणून मुरारीने घराशेजारचा वरकस जमिनीचा तुकडा विकत मागितला, तेव्हा हैबतीने भावाची घासाघीस केली नाही. मुरारी याच वाडीतला. गिरणी बंद पडल्यापासून गावी येतो म्हणत होता. हैबतीची अट एकच होती, आणि ती महाडच्या वकिलांनी साठेखतात घातली. मुरारीने दोन वर्षांत घर बांधून बायकोपोरांसह राहायला यावं. नाही आला, तर विसार परत करून करार रद्द करण्याचा हक्क हैबतीला.

"असली अट मी पहिल्यांदाच लिहितोय," वकील म्हणाले.

दोन्ही जागांच्या मधे बापाने नुसते दगडावर दगड रचून घातलेला गडगा होता. हैबतीने दारासमोरचा भाग वरून एकेक दगड उतरवत मोकळा केला. दगड फेकले नाहीत. फेकला की कडा उडते आणि पुन्हा नीट बसत नाही. आकाराप्रमाणे लावून ठेवले. शेजारीण कडेवर हंडा घेऊन सरळ येईल एवढी रुंद वाट त्याने केली.

पहिल्या उन्हाळ्यात मुरारीने जोतं बांधलं. दुसऱ्या उन्हाळ्यात आला नाही. पोरांची शाळा आहे, असा निरोप आला. जोत्यावर गवत माजायचं, हैबती ते उपटायचा.

मुदत सरली तसा तो महाडला गेला. वकील म्हणाले, नोटीस पाठवू, जमीन सुटेल तुमची. जमीन सोडवायला हैबती आलाच नव्हता. नोटीस बघून मुरारी घाबरेल आणि बायकोला घेऊन वर येईल, असं त्याच्या मनात होतं. वकिलांना त्याने ते सांगितलं नाही.

मुरारी आला, पण एकटा, आणि महाडपर्यंतच. भांडला नाही. कुठे सही करायची एवढंच त्याने विचारलं.

हैबतीने त्याला कचेरीच्या व्हरांड्यात गाठलं. "मुदत वाढवून देतो रे. हक्क माझाच हाय."

"नको नाना. बायको तयार नाय. म्हणते, तिथं बोलायला कोण हाय?"

"मी हाय की."

मुरारी हसला. "तुझं बोलणं म्हशींना कळतं, नाना. तिला नाय कळायचं."

सह्या झाल्या. विसार हैबतीने बँकेत तसाच ठेवला होता, तो परत केला. मुरारीने स्टँडवर चहा पाजला आणि मुंबईची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी म्हशी त्या वाटेने जोत्यावर चढल्या. हैबतीने गडगा रचायला घेतला. मोठे दगड तळाला, फटीत चिपा, प्रत्येक थर हलवून बघायचा. पाठीला रग लागली. कंबरेइतका गडगा झाला की म्हैस अडणार होती. गुडघ्याइतकी उंची आली तसा तो थांबला, त्याने एक लांब दगड निवडला आणि दोन्ही अंगांना टोकं बाहेर राहतील असा मधल्या थरात बसवला, माणसाला पाय ठेवून गडगा ओलांडण्यापुरता.

वरचे थर चढवून झाल्यावर त्याच्या टोकावर उभा राहून त्याने सगळं वजन टाकलं. दगड हलला नाही.