दम धर, म्हणालो होतो

कबड्डी तिला मीच शिकवली. भात कापून झालं की आमच्या शहापूरकडच्या खाचरात ढेकळं फोडून, पाणी मारून मैदान तयार करायचो, आणि संध्याकाळी गावातल्या मुली तिथे खेळायच्या. त्यात माझी धाकटी बहीण. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात मोठा मी, आणि तिच्या बाबतीत शेवटचा शब्दही माझा, असं मी धरून चाललो होतो. तिला मी एकच गोष्ट पढवली होती. दम सोडायचा नाही. चढाईला गेलीस की पाय चुकला तरी चालेल, दम सुटला की बाद.

ती ते शिकली. जरा जास्तच चांगलं शिकली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. धसईला मुलींचे सामने होते. चढाईवरून परतताना मधल्या रेषेला हात लावायला तिनं सूर मारला, वरून दोघी पडल्या आणि एकीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, धूळ झटकली आणि सरळ जाऊन समोरच्या संघाच्या पोरींमध्ये बसली. सगळे हसले. मीही हसलो. टेम्पोतून परत येताना ती पुन्हा पुन्हा विचारू लागली, "दादा, आपण जिंकलो का रे?" तेव्हा माझं हसणं थांबलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. फोटोत काही निघालं नाही. तरी मेंदूला हादरा बसलाय, म्हणाले. खेळ बंद, टीव्ही बंद, ऊन आणि मोठ्या आवाजापासून जपायचं. भरून यायला महिने लागतील, घाई करू नका.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "फोटोत काय नाय ना आलं? मग गावात बोलू नको. डोक्याचं नाव निघालं तर पोरीला कोण करील?"

आमच्याकडे हात मोडला तर लोक विचारपूस करायला येतात. डोक्याला लागलं म्हटलं की लोक येत नाहीत, कुजबुजतात. म्हणून आम्ही मान लचकली असं सांगितलं. ती मान मग आमच्या घरात वर्षभर लचकलेलीच राहिली.

शहापुरात एक निवृत्त शिक्षिका आपल्या घराच्या पडवीत योग शिकवत. डॉक्टरांना विचारूनच तिला तिथे नेऊ लागलो. डोकं खाली जाईल अशी आसनं बाईंनी आधीच वगळली. नुसतं उभं राहायचं, हात सावकाश वर न्यायचे, मग पाठीवर पडून श्वास कुठे जातो ते बघायचं. पहिल्या दिवशी बहिणीनं श्वास घेतला आणि तशीच थांबली. चेहरा लाल.

"सोड की," बाई म्हणाल्या.

"सुटत नाय."

"कुणी शिकवलं असं धरून ठेवायला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. मी दाराशी चपला राखत बसलो होतो.

"बरं. मग गुन्हेगाराला आत बोलवा. या हो, इथं उभे राहा. खांबाचं काम करा, तेवढं जमेल तुम्हाला."

डोळे मिटले की तिला गरगरायचं. म्हणून ती उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून उभी राही. बाई सांगत, "इथं दम सुटला तरी कुणी बाद होत नाही."

"मग मजा काय, बाई?"

"मजा नाही. आराम आहे. घे मुकाट्यानं."

सुरुवातीला तिची बोटं खांद्यात रुतायची. पुढे पुढे हात नुसता ठेवलेला असे, पाखरू बसल्यासारखा. घरी ताट पडलं तरी ती कानांवर हात ठेवेनाशी झाली. मनात काही आलं तर हाकलायचं नाही आणि त्याच्या मागेही जायचं नाही, असं बाईंनी शिकवलं होतं. एकदा एसटीत खिडकीशी बसून ती आपणहून म्हणाली, "झाडं मागं जातायत ना दादा, मी जाऊ देत्ये." मला वाटलं, बरी झाली. बाई म्हणाल्या, "अजून नाही. हा पावसाळा जाऊ द्या."

तेवढ्यात मुरबाडकडचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत कायम, माणसं चांगली. पावसाआधी उरकू, असं त्यांच्याकडून आलं आणि मी हो म्हटलं. पोरगी रोज कुठे जाते, असं कुणी विचारू नये म्हणून बाईंकडे जाणंही बंद केलं.

"त्यांना सांगितलंस का रे?" तिनं विचारलं.

"सांगू मागाहून."

"मागाहून कधी?"

"तू जरा दम धर," मी म्हणालो.

तिनं धरला.

आमच्याकडची हळद म्हणजे आवाज. बेंजोचा ताफा नसला तर लोक विचारतात, घरात सुतक आहे का. कौलांवर भोंगा बांधत होतो तेव्हा ती खाली येऊन उभी राहिली.

"दादा, भोंग्याचं तोंड आंब्याकडं कर ना. मंडपाकडं नको."

"लोक विचारतील गो."

"भोंग्याची पण मान लचकली म्हण."

ती हसली. मी हसलो नाही, आणि भोंगाही फिरवला नाही.

संध्याकाळी ती पाटावर बसली होती. हळदीनं माखलेल्या चेहऱ्यात ओठ तेवढे हलत होते. बायकांना वाटलं, देवाचं नाव घेते. गुणाची पोर, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी जवळच उभा होतो. ते ओठ मला कळत होते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. ती चढाईवर होती. सगळी हळद एका दमात पार करून तिला परत यायचं होतं. भोंग्याची वायर माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी पान-सुपारीचं ताट उचललं आणि पाहुण्यांकडे गेलो.

लग्नात तिला उलट्या झाल्या. जागरणानं झालं, असं आई सांगत फिरली. सासरी ती दुपारची डोळ्यांवर पदर बांधून काळोखात पडायची. चुलीवरचं दूध उतू जायचं, बोलता बोलता शब्द हरवायचा. कुणीतरी धसईच्या सामन्याची गोष्ट तिथवर पोचवली. सासू म्हणाली, "डोक्याची पोर आमच्या गळ्यात बांधलीत." भोंग्यानं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. विश्रांती अर्धवट राहिली, एवढंच म्हणाले. भोंग्याचं मी म्हणतो.

तिला कायमची परत पोचवायला नवराच आला. चहा न घेता उठला. मी थांब्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. गाडी वळणावर दिसली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"दादा, तुमी सांगितलं असतं ना, तर आमी थांबलो असतो. वरीसभर थांबलो असतो. मला कुठं घाई होती?"

मी गाडीला हात दाखवला. त्यानं शिवी दिली असती तर मला उत्तर तरी सुचलं असतं.

तिनंही शिवी दिली नाही. परत आली त्याच आठवड्यात ती पहाटे आमच्या पडवीत उभी राहिली, डोळे मिटून. मी पूर्वीसारखा तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिचा हात वर आला, चाचपडला. बोटं माझ्या सदऱ्याला लागली आणि तिनं ती काढून घेतली. डोळे न उघडता दोन पावलं सरकून तिनं हात भिंतीला टेकवला.

"तू जा, दादा. तुला कामं असतील."

बाई आता नाहीत. माझी मुलं मोठी झाली, त्यांचा अभ्यास तिनंच घेतला, डोकं दुखेपर्यंत थोडा थोडा. मला ती वेळेवर जेवायला वाढते, बरं-वाईट विचारते. आणि पहाटे भिंतीला हात लावून उभी राहते. मी पडवीत जात नाही. आत चुलीपाशी बसून ऐकतो. ती श्वास घेते. मग बराच वेळ काही ऐकू येत नाही. तिनं सोडल्याचा आवाज येईपर्यंत मी माझा धरून ठेवलेला असतो.